घराचा विमा घेताय? आतल्या सामानाचं आधी विचारा

गृहकर्ज असेल तर आधी बँकेच्या फाइलमधली पॉलिसी काढा आणि ती नेमकी कशाची आहे ते वाचा. पुष्कळांकडे निघते ती कर्जदाराच्या आयुष्याची, म्हणजे तो गेला तर कर्ज फेडणारी. तिचा घराशी काही संबंध नाही. घराची निघाली तरी निर्धास्त होऊ नका. सामानाच्या रकान्यात रक्कम आहे का? आमच्या पहिल्या पॉलिसीत तो रकाना कोरा होता, आणि ते आम्हाला घरात पाणी शिरल्यावर कळलं. भिंती शाबूत होत्या. फ्रिज, गाद्या, कपाटातले खालचे दोन कप्पे चिखलात. २०१९ला सांगली-कोल्हापूर, २०२१ला चिपळूण, पक्क्या घरांमध्ये हेच झालं: इमारत उभी, संसार गेला. म्हणून सामानाचं विचारा.

१ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घराच्या विम्याची प्रमाणित, म्हणजे सगळ्या कंपन्यांत मूळ अटी सारख्याच असलेली, पॉलिसी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, सगळं तिच्यात येतं. ती फक्त इमारतीची घेता येते, फक्त सामानाची किंवा दोन्हींची. भाडेकरूंनी फक्त सामानाची घ्यावी. भिंती मालकाच्या असल्या तरी टीव्ही तुमचाच असतो. स्वतःचं घर असेल तर दोन्हींचीच घ्या. एजंट ‘सगळं कव्हर आहे’ म्हणाला तरी सामान आहे का, ते लेखी मागा.

रकमेत गल्लत होते ती इथे. विमा बाजारभावाचा नसतो, बांधकामाच्या खर्चाचा असतो. जमीन काही जळत नाही. ६०० चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) आणि बांधकामाचा दर फुटाला २,५०० रुपये धरला तर १५ लाख. दोन्हींची पॉलिसी असेल तर याच्या २० टक्के, म्हणजे ३ लाख, सामानासाठी यादी न देता मिळतात. यादीशिवाय मिळणाऱ्या या रकमेची कमाल मर्यादा १० लाख. आता खोलीखोलीत फिरून बेरीज करा. लॅपटॉप, वॉशिंग मशीन, पलंग धरून ३ लाख कधीच ओलांडले जातात. तसं असेल तर यादी देऊन रक्कम वाढवा. प्रत्येक खोलीचे फोटो काढा, बिलं स्वतःला मेल करा. बिलांची फाइल घरातच ठेवली तर तीही भिजते.

चोरीबद्दल गैरसमज नको. आग-पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत, त्या घटनेमुळे झालेलीच चोरी यात धरतात. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं कव्हर लागतं. दागिन्यांसाठीही वेगळं. रोख रक्कम आणि गाडी यात नाही.

सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय? छान, आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, तसं सांगितलेलंच आहे. पण तो इमारतीचा. तुमच्या सामानाचा नाही, हे पुन्हा सांगते.

गावचं घर वर्षभर बंद असेल तर कंपनीला आधीच लेखी कळवा. अर्जात काही लपवू नका. पॉलिसी आली की नाव, पत्ता, सामानाचा रकाना तपासा. नुकसान झालंच तर फोटो, कंपनीला फोन, तलाठ्याचा पंचनामा; आणि सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, बघून जाईपर्यंत भिजलेली गादीसुद्धा फेकू नका.