एका इंजिनावर फेरी: निघायचं की थांबायचं?

मरीन इंजिनिअरिंग करून किंवा इंजिन ड्रायव्हरची परीक्षा देऊन जी मुलं प्रवासी बोटींवर लागतात, त्यांच्या कानावर एक वाक्य लवकरच पडतं: "दोन मशिनी आहेत ना? एक चालतेय, मग निघू की." बोलणारा कधी मालकाचा माणूस असतो, कधी तिकीट खिडकीवरचा, तर कधी आपल्याहून दुप्पट वयाचा सारंग, म्हणजे बोट चालवणारा कप्तान. पंचाईत अशी की त्याचं म्हणणं खोटं नसतं. एका मशीनवर बोट खरंच जाते.

मी मालवाहू जहाजांवर काही वर्षं काढून मुंबई बंदरातल्या फेऱ्यांकडे वळलो, तेव्हा मलाही वाटायचं की जहाज छोटं, फेरी तासाभराची, म्हणजे जोखीमही तेवढीच. तसं नाही. भर समुद्रात इंजिन बंद करून दुरुस्ती करता येते, कारण बहुतेक वेळा चारी बाजूंना मोकळं पाणी असतं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाताना ते नसतं. नांगरलेली जहाजं, न्हावाशेवाकडे जाणाऱ्या कंटेनर जहाजांचा खोल मार्ग, कोळ्यांची जाळी, शिवाय उधाणाच्या दिवसांत पाण्याला जबरदस्त ओढ. कंटेनर जहाज तुमच्यासाठी वळणार नाही, त्याला तेवढी जागाच नसते. तुमचं मशीन त्याच्या वाटेत थांबलं तर विचाराला मिनिटंच मिळतात.

आता थोडं गणित, कारण निघायचं की नाही हा वाद नेहमी वेगावरून होतो आणि तिथेच चुकतो. साध्या बोटीला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे ताकद निम्मी झाली तरी वेग सुमारे ७९ टक्के उरतो. १० नॉटने (ताशी १० सागरी मैलांनी) जाणारी बोट आठच्या आसपास जाईल, बंद मशीनच्या पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा, अडथळा धरला तर थोडी कमी. प्रवाशाला कळणारही नाही. म्हणून "बघा, चालतेय की" हे वाक्य इतकं पटतं.

कमी होतं ते वेगळंच. बॅक मारायला, म्हणजे मशीन उलटं चालवून बोट थांबवायला, निम्माच जोर राहतो. उजवं मशीन एकटं पुढे चालत असेल तर नाक डावीकडे ओढलं जातं आणि ते सरळ ठेवण्यात सुकाणूचा काही भाग कायमचा खर्च होतो. उजवीकडे वळायची वेळ आली तर हातात कमी सुकाणू उरलेलं. त्यात वेग मंदावला की सुकाणूवरून जाणारं पाणीही मंदावतं, त्याची पकड वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते. धक्क्याला लागताना बॅक मारली की नाक आता उलट्या बाजूला, उजवीकडे जाऊ लागतं. वाऱ्याचं तर आणखी वाईट: वारा दुप्पट झाला की रेटा चौपट. गाड्या घेणाऱ्या रो-रो बोटीच्या उंच भिंती म्हणजे शीडच, फक्त उतरवता न येणारं. समुद्र पार करायला एक मशीन पुरेल, पण शेवटचे १०० मीटर पुरेलच असं नाही. प्रवासी मात्र तेव्हाच शिडीपाशी उभे राहून गर्दी करतात.

तुमची खरी जागा खाली, इंजिनरूममध्ये. एका मशीनवर चालताना तिथे तीन गोष्टींवर नजर ठेवायला शिका. पहिली, चालू मशीन. बोट मंद झाल्यावर पंखा जड पडतो. त्याच आरपीएमला मशीनवर जास्त भार येतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, धूर काळा होतो. वरून कोणी "अजून थोडं दे" म्हटलं तरी निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या पुढे जायचं नाही. आता तेच एक उरलंय. दुसरी, बंद मशीनचा शाफ्ट, म्हणजे पंख्याला जोडणारा दांडा. बोट पुढे जात असताना पाण्यामुळे पंखा फिरतो, त्याच्याबरोबर शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा भागही फिरतो. गिअरबॉक्सचा तेलपंप मशीनवर चालणारा असेल तर आत तेल पोहोचत नाही आणि बेअरिंग जळतात. शाफ्ट लॉक करायचा की किती वेळ मोकळा फिरू द्यायचा, हे गिअरबॉक्सच्या पुस्तकात असतं. पुस्तक सापडत नसेल तर ते सापडेपर्यंत बोट बांधलेलीच बरी.

तिसरी गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेआड जाते. पहिलं मशीन बंद का पडलं? "डिझेलमध्ये पाणी होतं" हे उत्तर असेल तर दुसरं मशीन कुठल्या टाकीवर आहे? समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या गाळणीत प्लास्टिक अडकलं असेल, आणि आपल्या बंदरात पावसाळ्यात ते अडकतंच, तर दुसऱ्याची गाळणी कधी उघडली होती? दोन मशिनी एकाच टाकीवर, एकाच पाइपवर असतील तर त्या दोन नव्हेतच. जानेवारी २०२३ मध्ये न्यूझीलंडची कैताकी ही फेरीबोट पिक्टनहून वेलिंग्टनला येताना कुक सामुद्रधुनीत हे भोगून बसली. इंजिनं थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपमधला एक जुना रबरी जोड फुटला, पाणी गेलं आणि चारही मुख्य इंजिनं बंद पडली. बोटीवर ८६४ माणसं होती. बोट वेलिंग्टनच्या दक्षिण किनाऱ्याकडे वाहत गेली, नांगर टाकावे लागले आणि मेडे, म्हणजे संकटाची हाक, द्यावा लागला. चार इंजिनं असूनही जोड एकच होता.

पण "कमी ताकदीने निघणं" या विषयावर मी नव्या मुलांना नेहमी वायकिंग स्कायचं उदाहरण देतो. ती फेरीबोट नव्हती, क्रूझ जहाज होतं. शिकवण मात्र तीच. ज्यांच्या विजेवर ते चालतं त्या चार डिझेल जनरेटरांपैकी एक टर्बोचार्जरच्या (मशीनला जादा हवा देणाऱ्या यंत्राच्या) बिघाडामुळे बंद असताना ते नॉर्वेच्या ट्रोम्सोहून निघालं. २३ मार्च २०१९ ला हुस्टाडविका या खडकाळ पट्ट्यात वादळ होतं. उरलेल्या तिन्ही मशिनींच्या तेलटाक्यांत वंगणतेलाची पातळी असायला हवी त्यापेक्षा कमी होती. जहाज डोलू लागलं तसा पंपाने तेलाऐवजी हवा ओढली, दाब पडला आणि मशिनी बंद झाल्या. १,३७३ माणसांचं जहाज खडकांच्या अगदी जवळ पोहोचलं, ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. तपास यंत्रणेच्या २०२४ च्या अहवालात म्हटलंय की त्या परिस्थितीत जहाजाने ट्रोम्सो सोडायलाच नको होतं. बंद मशीन एक होतं, अडचण झाली ती चालू असलेल्यांची.

म्हणून मी एक फरक पक्का धरतो. अर्ध्या वाटेत एक मशीन गेलं आणि दुसऱ्यावर बोट जवळच्या धक्क्याला आणली, ही आणीबाणी. दुसरं मशीन दिलेलंच असतं त्यासाठी. धक्क्याला बांधलेलं असताना एकावर माणसं भरून निघालो, तर ती राखीव ताकद आपण पाणी लागायच्या आधीच खर्च केली.

याचा अर्थ कधीच निघू नये असा नाही. काही बोटींना तीन-चार स्वतंत्र मशिनी असतात. त्यांतली एक बंद असताना क्लास (बोटीची तपासणी करून प्रमाणपत्र देणारी संस्था) आणि सागरी मंडळाच्या सर्वेक्षकाला कळवून, वाऱ्याची मर्यादा ठरवून, प्रवासी कमी घेऊन चालवणं रास्त असू शकतं. पण ती मर्यादा आधी कागदावर हवी, रांग लागल्यावर धक्क्यावर ठरवलेली नको. माझ्या ओळखीचा एक रायगडकडचा सारंग अशा वेळी मशीनबद्दल एक अक्षर बोलत नाही. तो विचारतो, सुकती (ओहोटी) कधी लागणार, पलीकडे पोहोचू तेव्हा वारा कुठून असेल, आणि नांगर मोकळा आहे का. शेवटच्या प्रश्नाला बऱ्याच बोटींवर मान खाली जाते. नांगरावर दोरखंड, बादल्या, सामान रचलेलं असतं. एका मशीनच्या बोटीला नांगर हेच दुसरं मशीन, तेव्हा फेरीआधी तो मोकळा करून, साखळी सुटते का हे बघून घ्या.

आणि ताबा गेलाच, तर लपवू नका. दिवसा एकाखाली एक दोन काळे गोळे, रात्री दोन लाल दिवे, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनेल १६ वर खबर. प्रवाशांना लाइफजॅकेट तेव्हाच, "बघू काय होतंय" म्हणत थांबल्यावर नाही.

दुरुस्तीनंतरच्या ट्रायलबद्दलही सांगतो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या नीलकमलला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. ती स्पीडबोट तेव्हा इंजिनाच्या चाचणीवर होती. नुकतंच जोडलेलं मशीन म्हणजे विश्वास न बसलेलं मशीन. त्याची परीक्षा प्रवाशांच्या वाटेपासून लांब, आणि बोटीवर तिकिटाची माणसं नसताना.

नाही म्हणण्याची वेळ आली तर आवाज चढवू नका. लॉगबुकात वेळेसह लिहा: डावं मशीन बंद, कारण अमुक, उजव्याचं तापमान आणि तेलाचा दाब इतका, बॅक मारण्याची ताकद निम्मी, सारंगला कळवलं. मग सारंगची सही मागा. माझा अनुभव असा की सही मागितल्यावर फेऱ्या आपोआप रद्द होतात. मॅनेजर महिनाभर नाराज राहील, राहू दे.

नोकरीच्या मुलाखतीलाही एक प्रश्न घेऊन जा: एक मशीन बंद असताना निघण्याबद्दल तुमच्याकडे लेखी काय आहे? "सारंग ठरवतो" असं उत्तर आलं तर लगेच पुढचं विचारा: फेरी रद्द झाली तर सारंगला त्या दिवसाचे पैसे मिळतात का?