निंबाखालचा पार कसा बांधावा

पाराची जागा आधी पाहावी, विटा नंतर आणाव्यात. आठ दिवस सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात माणसं आताच कुठे थांबतात ते बघा: एसटीचा थांबा, पिठाची चक्की, पानठेला. तिथल्या निंबाखाली दोन ओंडके टाकून ठेवा. ओंडक्यावर कोणी टेकलं नाही, तर सिमेंटच्या ओट्यावरही टेकणार नाही. गावाच्या टोकाला हौसेनं बांधलेल्या ओट्यांवर शेवटी गोवऱ्याच वाळतात.

देवळाला चिकटून जागा शक्यतो नकोच. तिथं सगळ्या वस्त्यांची माणसं मोकळेपणानं बसत नाहीत, बाया तर थांबतही नाहीत. नळ घरात आले तशी विहिरीवरची त्यांची बैठक मोडली. त्यांच्यासाठी अंगणवाडीजवळ वेगळा छोटा ओटा धरा.

जागा गावठाणातली असली तरी ग्रामसभेचा ठराव घ्या, त्यात चतुःसीमा लिहा. देणगीदाराची पाटी लागणार नाही, हेही त्यातच लिहून घ्या. पाटी लागली की पार त्या घराचा होतो.

आता माप. बुंधा ३ फूट जाड असेल, तर चहूबाजूंनी ३ फूट माती उघडी सोडा. बुंध्याला मुरूम टेकला की साल कुजते. म्हणजे आतलं माप ९ फूट, बैठक अडीच फूट रुंद, बाहेरून १४ फूट. गोल करू नका, अष्टकोनी करा. एकेक बाजू ५ फूट १० इंचांच्या आसपास येते आणि फरशी कापायला सोपं जातं. फरशी ९५ चौरस फूट लागते, तूटफूट धरून ११० आणा. कडेनं वीसेक माणसं बसतील. उंची दीड फूट. त्याहून उंच झाला तर म्हाताऱ्यांचे पाय लोंबतात, बुटका झाला तर उठवत नाही.

खरी कटकट काळ्या मातीची. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, म्हणून मिस्त्री पाया खोल मागतो. खोल गेलं तर निंबाची मुळं तुटतात. इथं झाडाचं ऐका. २ फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा आणि ६-६ इंचांच्या थरांनी मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मसानं कुटा. मनगटाएवढं मूळ आडवं आलं तर तोडू नका. त्याच्या वर दोन बोटं जागा ठेवून दगडाची आडवी चीप टाका आणि भिंत पुढे न्या. एवढं करूनही भिंत थोडी हलणारच. म्हणून आठही कोपऱ्यांत अर्ध्या इंचाचा सांधा सोडा, वरच्या फरशीतही तो तसाच ठेवा. मग हालचाल सांध्यात जिरते, भिंत मधोमध तडकत नाही. ‘बरं दिसत नाही’ म्हणून मिस्त्री हा सांधा हमखास बुजवतो, तेव्हा त्या दिवशी समोर उभं राहा.

बाहेरची भिंत ९ इंची विटांची, माल १:६ (एक घमेलं सिमेंटला सहा घमेली रेती). आतल्या बाजूला कोरडे दगड रचा, मधे मुरूम. फरशीला अर्ध्या इंचाचा ढाळ झाडाकडे द्या: पाणी निंबाला मिळतं, बाहेरच्या पायाची माती कमी भिजते. फरशीची बाहेरची कड घासून गोल करा, नाहीतर मांडीला रुतते. ओलं बारदान टाकून १० दिवस पाणी मारा. काम फेब्रुवारीत काढा. कापसाची वेचणी सरत आलेली असते आणि पाण्याची ओढ अजून लागलेली नसते.

दिवा पाराच्या वर टांगू नका, पावसाळ्यात किडे थेट अंगावर पडतात. पारापासून १२ फूट दूर खांबावर लावा. आणि खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी-तंबाखू. त्याला गावात कोणी अडवू शकत नाही, निदान रेती भरलेला टिनाचा पिपा ठेवा आणि बाजाराच्या दिवशी रेती बदला. पिपा नसला की पिंक बुंध्यावर जाते, पन्न्या फटीत कोंबल्या जातात, आणि महिन्याभरात बायका-पोरं तिकडे फिरकेनाशी होतात.