दौऱ्याला निघताय? आधी सेट लावायला-काढायला शिका

कुडाळात प्रयोग चांगला झाला, चार ओळखीच्यांनी पाठ थोपटली आणि कोणीतरी म्हणालं, ‘हे मुंबईला न्यायला हवं’. बहुतेक दौरे असेच सुरू होतात, आमचाही तसाच झाला. बारा माणसं, एक टेम्पो आणि दोन अंकांचं मालवणी नाटक. कागदपत्रांची माहिती तुम्हाला असेलच. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि लेखकाची परवानगी तोंडी नाही, लेखी लागते. प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स टेम्पोत ठेवा, हॉलवाले ऐनवेळी मागतात. गोव्याला जाणार असाल तर टेम्पोवाल्याला परराज्याचं परमिट आहे का ते आधीच विचारा, पत्रादेवीच्या नाक्यावर थांबवल्यावर नको. झालं, यावर याहून जास्त लिहीत नाही. आमची वाट कागदांनी लावली नाही, ती सेटने लावली.

मुंबईत आमचा साडेआठचा प्रयोग होता आणि त्याच रंगमंचावर दुपारी दुसऱ्या संस्थेचं नाटक. बुकिंगच्या पावतीवर रात्रीचं सत्र लिहिलेलं, म्हणून आम्ही खुशीत होतो. दुपारचं नाटक सुटलं सात दहाला. त्यांचा सेट उतरून शेवटची खुर्ची विंगेतून बाहेर पडेपर्यंत सात पस्तीस झाले. आमच्या हातात उरली पंचावन्न मिनिटं. आणि आमचा सेट लागायला किती वेळ लागतो, हे बारापैकी एकालाही माहीत नव्हतं. कुडाळात आम्ही सकाळी दहाला सुरुवात करायचो, मध्ये चहा, मग भजी, दुपारी जेवण, आणि संध्याकाळी सेट उभा असायचा. त्याला आम्ही ‘सेट लावणं’ म्हणत होतो.

त्यात फ्लॅट, म्हणजे सेटच्या प्लायवूडच्या भिंती, जोडायच्या बिजागऱ्यांच्या पिना. पावसाळाभर फ्लॅट मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, ठेवलेले. आपल्याकडच्या दमट हवेत प्लायवूड फुगतं आणि लोखंड गंजतं, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण निघण्याआधी एकानेही एक पिन काढून बघितली नव्हती. रंगमंचावर पहिली पिन अर्धी आत गेली आणि अडकली. हातोडी मागवली, ती लाइटच्या पेटीखाली. ठोकाठोकी सुरू झाली तेव्हा पडद्यापलीकडे प्रेक्षक बसायला लागले होते, आणि आतला प्रत्येक ठोका त्यांना ऐकू जात होता.

तिसरी घंटा झाली नऊ पंचवीसला. प्रेक्षकांत आपलेच चाकरमानी, कोणाला बदलापूर गाठायचं, कोणाला पनवेल. दुसऱ्या अंकात माणसं उठायला लागली. एक मावशी पिशवी सांभाळत, वाकून, पहिल्या रांगेसमोरून गेल्या, तेव्हा नेमकं माझं स्वगत चालू होतं. वेळेत बसावं म्हणून शेवटचा प्रवेश कापला. नाटक कसं संपलं ते लोकांना कळलं नसणार. आम्हालाही नीट कळलं नाही.

म्हणून हा भाग मी ताणून लिहिणार आहे, कंटाळलात तरी वाचा. हॉलची वेळ पावतीवरून धरू नका. आधीच्या संस्थेचा शेवटचा माणूस सामान घेऊन बाहेर पडतो तेव्हा तुमची वेळ सुरू होते. बुकिंग करतानाच विचारा, आमच्या आधी कोण आहे आणि त्यांचा प्रयोग किती तासांचा आहे. मग स्वतःचं घड्याळ लावा. एखाद्या शाळेचा अनोळखी हॉल घ्या, टेम्पो गेटवर उभा करा आणि दौऱ्यावर जाणारी तेवढीच माणसं हाताला घ्या. गावातला सुतार मदतीला आला तर त्याला चहा द्या आणि बाजूला बसवा, तो मुंबईला येणार नाही. टेम्पोचा फाळका उघडल्यापासून शेवटचा स्पॉटलाइट जागेवर पडेपर्यंतचा वेळ मोजा. आमचा पहिल्यांदा दोन तास चाळीस मिनिटं निघाला.

क्रमही ठरवा. आधी लाइट टांगा, मग सेट. आम्ही उलटं केलं होतं. लेव्हल, म्हणजे सेटमधले उंच चौथरे, मांडून झाल्यावर लाइट टांगायचा घोडा, म्हणजे उंच शिडी, उभा करायला जागाच उरली नाही, आणि नायिकेचा स्पॉट दोन्ही अंक दाराच्या चौकटीवर पडत राहिला. प्रत्येक फ्लॅटच्या पाठीला रंगाने मोठा आकडा काढा. खिळे नकोत, पिनाच हव्यात, पण तेल घातलेल्या. आणि काढण्याचीही तालीम करा. रात्री बारा वाजता दमलेल्या अंगाने सेट उतरवणं हे वेगळंच काम आहे, बोटं तिथेच चेमटतात.

दोन चाळीसवरून आम्ही पन्नास मिनिटांवर आलो, पण घाई करून नव्हे. एक कमान, दोन लेव्हल आणि एक खिडकी टाकून दिली तेव्हा आलो. आमचा नेपथ्यकार आठवडाभर बोलत नव्हता.

खरं तर हे सगळं आम्हाला घरबसल्या शिकता आलं असतं. आपल्या दशावतारी कंपन्या कार्तिकापासून जत्रा करत फिरतात. एक पडदा, एक बाकडं, पेटी, मृदंग, झांज आणि वेशाचे पेटारे. त्या बाकड्यावर बसला की राजा, आणि तेच त्याचं सिंहासन. रंगभूषा ज्याची त्याने करायची. मुंबईहून आल्यावर एका जुन्या दशावतारी कलाकाराकडे रडगाणं घेऊन गेलो. ते तोंडाला रंग लावता लावता म्हणाले, ‘‘सेट लावूक येळ कितको लागता ता बघितलंस काय कधी? नाय मां? मगे रडतंस कित्याक?’’

माझं मत विचाराल तर पैसे भरून करायच्या दोन दिवसांच्या ‘दौरा व्यवस्थापन’ कार्यशाळेपेक्षा अशा कंपनीबरोबर चार रात्री पेटारे उचला. मुंबईतले एक मार्गदर्शक आम्हाला म्हणाले होते, ‘सेट सोडा, मागे एलईडी पडदा लावा.’ लावा, पण हा शॉर्टकट वाटतो तितका सोपा नाही. गावच्या मंडपात वीज खालीवर झाली की मागचा समुद्र गायब होतो आणि पुढे होडीतला माणूस हवेत वल्ही मारत राहतो. आणखी एक, ‘मानधन नाही, पण नाव होईल’ म्हणणाऱ्याला टेम्पोचं भाडं आणि जेवण तरी आगाऊ मागा. ते द्यायलाही तो का-कू करू लागला तर जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. रंगमंचाची दर्शनी रुंदी, खोली आणि विंगेतली जागा फोनवर विचारू नका, फोटोसकट मागवा. आमच्या एका गावात ‘मोठा स्टेज’ म्हणजे वीस फूट निघाला, सेट चोवीस फुटांचा. उघड्यावरचा प्रयोग असेल तर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातले ठरावीकच दिवस मिळते. ‘आमच्याकडे चालता’ म्हणणाऱ्या आयोजकाकडून परवानगीचा कागद बघा. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख पक्की झाली की तुतारी किंवा कोकणकन्येची तिकिटं आधी काढा, पोस्टर नंतर छापा. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात. सकाळी पोचून दुपारी प्रयोग असा बेत तेव्हा आखू नका. आणि प्रयोगाआधी वडे-सागोती खाऊ देऊ नका, मग कितीही आग्रह होवो.

एवढं वाचून घाबरला असाल तर ऐका. त्या प्रयोगानंतर पुन्हा नाटकाला हात लावणार नाही असं मी म्हणत होतो. आत जाऊन तोंड धुतलं, तर बाहेर दोन म्हातारे थांबलेले, मालवणी ऐकायला मिळाली म्हणून. शेवट काय ते विचारत होते. मी तिथेच, हॉलच्या पायरीवर, कापलेला प्रवेश म्हणून दाखवला. मागे टेम्पोत फ्लॅट चढत होते. पुढच्या वर्षी त्यांच्याच ओळखीने ठाण्याचा प्रयोग मिळाला, आणि तो वेळेवर सुरू झाला.

पिनांचा डबा मात्र टेम्पोत देऊ नका, स्वतःच्या पिशवीत ठेवा. ठाण्याला निघालो तेव्हा टेम्पो पुढे गेला आणि आमचा डबा कुडाळलाच, मांगराच्या उंबऱ्यावर राहिला होता. सुदैवाने मी मागून रेल्वेने येणार होतो.