पाखाडी मोजण्यापासून सुरुवात करावी

भ्रष्टाचारविरोधी कामात नव्याने येणारे तरुण मनापासून चिडलेले असतात आणि ती चीड रास्तच असते. परंतु ‘तालुक्यात फार खाबूगिरी चालते’ एवढ्यावरून कोणताही उपाय आखता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील ग्रामपंचायतींच्या बांधकामांचा अभ्यास करताना माझे मत पक्के झाले आहे की, पैसा नेमका कोणत्या टप्प्यावर गळतो हे मोजल्याशिवाय उपाय सुचवू नये.

प्रथम साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा पाखाडी (जांभ्या दगडाची पायऱ्यांची वाट) असा कामाचा एकच प्रकार निवडावा. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयकांच्या प्रती मागवाव्यात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, तो नवख्यांनी अवश्य वापरावा.

एका वाडीत पाखाडीची रुंदी पुस्तिकेत दीड मीटर होती, टेपवर ती सव्वा मीटर भरली. ठेकेदाराने जांभा खाल्ला, असे वाडीत सर्रास बोलले जात होते. चौकशीत कळले की, एका जमीनमालकाने हरकत घेतल्यामुळे रुंदी कमी झाली होती. गैरप्रकार घडला तो त्यानंतर, कारण फेरमोजणी न करता देयक पूर्ण रुंदीचे निघाले. अशा ठिकाणी दगडावर पहारा ठेवून काय साधणार? देयकापूर्वी वाडीतील लोकांसमक्ष मोजणी होणे, हाच तेथला उपाय.

या विषयातील अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा इंडोनेशियातील प्रयोग मी प्रत्येक नवागताला समजावून सांगतो. ६०० हून अधिक गावांतील रस्ते खणून त्यांनी प्रत्यक्ष वापरलेले साहित्य मोजले आणि नैसर्गिक घट वजा करता यावी म्हणून चाचणीचे रस्तेही बांधून घेतले. कोकणात, जिथे एका पावसाळ्यात खडी वाहून जाते आणि माथ्यावरच्या वाडीपर्यंत सामान डोक्यावरून न्यावे लागते, तिथे ही वजावट न करता कोणावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे. लेखापरीक्षण निश्चित होणार असे आधीच जाहीर केल्यावर गहाळ खर्च, म्हणजे कागदावर दाखवलेला पण प्रत्यक्ष कामात न सापडलेला खर्च, सुमारे ८ टक्के बिंदूंनी घटला. मात्र त्याच गावांत कामावर नातेवाइकांची भरती वाढली. कामाविषयी गावकऱ्यांनी भरायची निनावी अभिप्रायपत्रे गावपुढाऱ्यांमार्फत वाटली तेव्हा फरक पडला नाही, शाळेतील मुलांच्या हाती घरी पाठवली तेव्हा पडला.

आपल्याकडे वाडीतील बरीच कर्ती माणसे मुंबईत असतात, त्यामुळे ग्रामसभेतील उपस्थितीवर विसंबणारा उपाय गणपती-शिमग्याबाहेर टिकणे कठीण आहे. म्हणून तपासणीची कामे मार्चअखेरच्या घाईपूर्वी चिठ्ठ्या टाकून निवडावीत, प्रत्येक कामाला ते निवडले आहे की नाही याची पूर्वसूचना द्यावी आणि न निवडलेल्या कामांचीही मोजमापे घ्यावीत. त्या तुलनेशिवाय, तपासणीमुळे काही सुधारले की नाही, हे सांगता येणार नाही.