तुरुंगातल्या लेखकाला पत्र कसं लिहायचं

लेखकाला आत टाकल्याची बातमी आली की आपण पोस्ट शेअर करतो आणि दोन दिवसांत विसरतो, त्यापेक्षा एक पोस्टकार्ड टाका.

आधी माणूस अजून आत आहे का ते बघा. लेखकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पेन अमेरिका या संस्थेच्या 2024 च्या तुरुंगातल्या लेखकांच्या यादीत 40 देशांतले 375 लेखक होते, सगळ्यात जास्त चीनचे, पण अशी यादी लगेच जुनी होते. अल्जीरियात पकडलेले लेखक बुआलेम सान्साल नोव्हेंबर 2025 मध्ये सुटले, जुनी यादी धरून बसलात तर ते अजून आतच दिसतील. पत्ता घरच्यांकडून किंवा सुटकेसाठी झटणाऱ्यांकडूनच घ्या आणि पत्र पाठवलेलं चालेल ना हेही विचारा, कारण कधीकधी घरचेच म्हणतात की आत्ता गवगवा नको.

आता मजकूर. तुमचं पत्र लेखकाच्या आधी सेन्सॉर वाचणार हे डोक्यात ठेवूनच लिहा. केस, सरकार, आरोप, यावर ब्र काढायचा नाही, तुमचा राग तिकडे त्याच्या अंगावर निघू शकतो. मग लिहायचं काय? खिडकीतून काय दिसतं, कुठलं झाड फुललंय, त्याचं काही वाचलं असेल तर कुठली ओळ आवडली (वाचलं नसेल तर उगाच थापा नकोत). आणि प्लीज "धीर धरा" छापाचं प्रवचन नको, धीर तो धरूनच बसलाय. भाषा सेन्सॉरला कळणारी हवी, रशियात तर पत्र रशियनमध्येच लागतं, नाहीतर तिथेच अडकतं. सरळ छोटी वाक्यं लिहा आणि कोणाकडून तरी भाषांतर करून घ्या.

काही जणांपर्यंत पत्र जातच नाही. आफ्रिकेतल्या एरिट्रियात पत्रकार-लेखक दावित इसाक सप्टेंबर 2001 पासून खटल्याशिवाय कोंडलेत, कुठे ठेवलंय तेही सांगत नाहीत. तिथे पत्र त्या देशाच्या दूतावासाला लिहायचं, सभ्य भाषेत, एक पानभर, नाव, अटकेची तारीख, आणि मागणी एकच. शिव्या घातल्या की ते केराच्या टोपलीत टाकायला त्यांना निमित्त मिळतं.

उत्तराची वाट बघू नका, दोन महिन्यांनी परत लिहा. प्रत्येक पत्रावर तारीख आणि नंबर टाका, म्हणजे तिसरं हातात पडलं आणि दुसरं आलंच नाही तर मधलं कुठेतरी अडवलंय हे त्याला कळेल.