भिंतीतला वड कुंडीत आणताना
बोन्सायसाठी रोप विकत घेण्याआधी पडक्या वाड्यांच्या, कंपाउंडच्या भिंती बघा. फटीत उपाशीपोटी वाढलेला वड किंवा त्याचाच भाऊबंद नांद्रुक आयताच ठेंगणा, पिळदार झालेला असतो. पिंपळही मिळतो, पण त्याचं पान मोठं. मला तो बोन्सायमध्ये फारसा रुचत नाही. मालकाला विचारा. किल्ल्यांच्या भिंतींना मात्र हात लावू नका.

पहिले दोन-चार पाऊस झाले की काढा. ओढलं तर मूळ आतच तुटतं; छिन्नीने चुना सैल करत, थोडी तंतुमुळं सोबत येतील असं सोडवा. चीक डोळ्यांपासून लांब ठेवा. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा, पानं निम्मी छाटा आणि जाड वाळू-विटांच्या चुऱ्यात, साध्या खोल कुंडीत सावलीला लावा. नवी पालवी धरेपर्यंत खत नाही. उथळ ट्रे पुढच्या पावसाळ्यात.