कुत्र्याच्या गुडघ्याचे ऑपरेशन: सर्जनला दाखवायला जाण्याआधी काय तयारी करावी

नेहमीच्या डॉक्टरांनी मागचा पाय तपासला आणि ‘लिगामेंट गेल्यासारखे वाटते, सर्जनला दाखवून घ्या’ असे सांगितले, की घरात दोनच प्रश्न उरतात: ऑपरेशन कधी आणि खर्च किती? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांचे नीट उत्तर मिळण्यासाठी सर्जनला बरेच काही आधी कळावे लागते. कुत्रा स्वतः काही सांगू शकत नाही, आणि भेट अर्ध्या-पाऊण तासात संपते. तेवढ्या वेळात सर्जनपुढे काय ठेवायचे हे तुमच्या हातात असते, म्हणून या भेटीची तयारी मी उपचाराचाच भाग मानतो.

आधी गुडघ्यात काय बिघडते ते समजून घ्या

कुत्र्याच्या गुडघ्याच्या दुखण्यात दोन कारणे सर्वांत जास्त आढळतात. लॅब्राडॉर, रॉटवायलर यांसारख्या मोठ्या जातींत बहुतेक वेळा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचे हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा पट्टा, फाटलेले असते. माणसात ते खेळताना एका झटक्यात तुटते. कुत्र्यात बहुधा महिनोन्‌महिने झिजत जाते आणि एक दिवस साध्या उडीचे निमित्त होते. त्यामुळे ‘सोफ्यावर चढू दिले म्हणून झाले’ असे म्हणत घरातल्या कुणाला बोल लावू नका. पोमेरेनियन, चिवावा अशा छोट्या जातींत गुडघ्याची वाटी जागेवरून सरकण्याचा त्रास जास्त. असा कुत्रा चार पावले पाय उचलून तीन पायांवर उड्या मारतो, पाय झटकतो आणि पुन्हा काही झालेच नाही असा धावू लागतो. वाटी किती सरकते यावरून तिच्या १ ते ४ अशा श्रेणी करतात, आणि पहिल्या श्रेणीत सहसा ऑपरेशन लागत नाही.

मागचा पाय लंगडण्याची इतरही कारणे असतात: खुब्याचा दोष, पाठीच्या कण्याचा त्रास, गोचीड तापातली सांधेदुखी, मोठ्या वयाच्या मोठ्या कुत्र्यात हाडाचा कर्करोग. म्हणून सर्जनने गुडघा सोडून खुबा, पाठ, पंजा असे सगळे तपासले तर ते वेळ घालवणे समजू नका. तसे तपासणारा सर्जन चांगला.

चालण्याचे व्हिडिओ काढा: सगळ्यांत महत्त्वाचे काम

दवाखान्यात शिरल्यावर कुत्रा घाबरतो किंवा उत्तेजित होतो आणि दुखणे लपवतो. घरी पाय टेकत नसलेला कुत्रा तिथे चारही पायांवर तरातरा चालतो आणि घरचे लोक ओशाळतात. यावर उपाय म्हणजे फोनवरचे व्हिडिओ. फोन आडवा आणि कुत्र्याच्या उंचीला धरा, म्हणजे जमिनीजवळ बसून. दुसऱ्या कुणीतरी सैल पट्ट्याने त्याला सरळ रेषेत सावकाश चालवावे. एकदा तो कॅमेऱ्याकडे येताना, एकदा दूर जाताना आणि एकदा बाजूने असे तीन व्हिडिओ घ्या. जागा कोरडी आणि न घसरणारी असू दे. सोसायटीचा डांबरी किंवा सिमेंटचा रस्ता घरातल्या टाइल्सपेक्षा बरा. पळवू नका.

याशिवाय दोन क्षण जरूर टिपा. पहिला, झोपेतून उठल्यावरची पहिली दहा-पंधरा पावले. ताठरपणा तिथे उघडा पडतो. दुसरा, बसण्याची पद्धत. निरोगी कुत्रा दोन्ही मागचे पाय पोटाखाली नीट दुमडून बसतो. गुडघा दुखणारा एक पाय बाहेर टाकून तिरका बसतो. चालताना गुडघ्यातून ‘टक’ असा आवाज येत असेल तर तो रेकॉर्ड करायचा प्रयत्न करा आणि सर्जनला आवर्जून सांगा. आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटल्याची ती खूण असू शकते.

सोबत एका कागदावर तारखांसह घटनाक्रम लिहा. लंगडणे कधी सुरू झाले, अचानक की हळूहळू. विश्रांतीने कमी होते की चालल्यावर वाढते. पाय अजिबात टेकत नाही की नखांवर टेकतो. कोणत्या औषधाने फरक पडला आणि किती दिवस टिकला. ‘बरेच दिवस झाले’ यापेक्षा ‘दसऱ्याच्या आदल्या दिवसापासून’ हे उत्तर डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचे आहे. कुत्र्याला सकाळी फिरवणारी व्यक्ती वेगळी असेल, ड्रायव्हर असो वा आजोबा, तर त्यांनाही विचारा. त्यांनी पाहिलेले बहुतेक वेळा तुमच्यापेक्षा जास्त असते.

कागद आणि एक्स-रे

लसीकरणाचे पुस्तक, जुने रक्ताचे अहवाल, नसबंदी कधी झाली, पूर्वी भूल दिली होती का आणि तेव्हा काही त्रास झाला का, हे सगळे एका फाइलमध्ये घाला. एक्स-रे आधीच काढलेले असतील तर मूळ डिजिटल फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो मोजमापाला चालत नाही, आणि या ऑपरेशनमध्ये हाडाचे कोन मोजावे लागतात.

लिगामेंट एक्स-रेमध्ये दिसत नाही. दिसतात ते त्याचे परिणाम: सांध्यात भरलेले पाणी, हाडाच्या कडांना आलेली वाढ. खरे निदान हाताने होते. सर्जन मांडीचे हाड एका हाताने स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे सरकते का ते पाहतो. कुत्र्याने स्नायू ताठ धरले तर ते कळत नाही, म्हणून बऱ्याचदा हलकी भूल देऊन ही तपासणी आणि एक्स-रे एकत्रच करतात. यासाठीच अपॉइंटमेंट घेताना फोनवर विचारा: त्याच दिवशी भूल द्याल का? उपाशी आणायचे का, किती तास? पाणी कधीपर्यंत चालेल? पिल्लू असेल किंवा कुत्र्याला मधुमेह असेल तर ते तेव्हाच सांगा, कारण त्यांचा नियम वेगळा असतो.

औषधांबाबत सावध राहा

माणसांची वेदनाशामके कुत्र्याला देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, कॉम्बिफ्लाम यांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृत बिघडवते. घरातल्या औषधाच्या डब्यातली अर्धी गोळी मायेपोटी दिली जाते आणि कुत्रा दगावतो, हे टाळता येण्यासारखे दुःख आहे. आधीच काही दिलेले असेल तर लपवू नका.

डॉक्टरांनी दिलेली कार्प्रोफेन किंवा मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामके सुरू असतील तर नाव, मात्रा आणि शेवटचा डोस लिहून न्या. अशी दोन औषधे एकत्र देत नाहीत. स्टेरॉइडसोबतही देत नाहीत. एकावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही दिवसांचे अंतर लागू शकते. भेटीच्या दिवशी सकाळचा डोस द्यायचा का, हेही फोनवरच विचारा. वेदनाशामकाने लंगडणे झाकले जाते, पण म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करून कुत्र्याला दुखत ठेवायचे नाही.

वजन, गोचीड आणि त्वचा

वजन आठवडाभरात फार उतरणार नाही, तरी आजच सुरुवात करा. बरगड्यांवरून हात फिरवा: उघड्या तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवताना जशी हाडे लागतात तशा त्या लागायला हव्यात. लागत नसतील तर वजन जास्त आहे. चहासोबतची बिस्किटे, प्रत्येकाच्या ताटातली चपाती, सणाची पुरणपोळी हे सगळे मोजून लिहा. ४८ लॅब्राडॉरवर आयुष्यभर चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणारे कुत्रे सरासरी जवळपास दोन वर्षे जास्त जगले आणि त्यांना सांधेदुखी उशिरा सुरू झाली. ‘खाऊ दे बिचाऱ्याला’ म्हणणाऱ्या आजीला हे जरूर सांगा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी: गोचीड. एरलिकिया या गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाचा धोका. म्हणून ऑपरेशनपूर्व रक्ततपासणीत प्लेटलेट, यकृत आणि मूत्रपिंड यांसोबत गोचीड तापाची तपासणीही करायची का, हे विचारा. कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड शोधा. पावसाळ्यात पोटावर किंवा मांडीवर पुरळ, ओलसर जखमा असतील तर त्यांचा उल्लेख करा. त्वचेचा संसर्ग असताना हाडाला धातूची प्लेट बसवणे धोक्याचे असते, आधी तो बरा करावा लागतो.

घराकडे सर्जनच्या नजरेने बघा

ऑपरेशन तास-दोन तासांचे, पण त्यात कापलेले हाड जुळायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात. निकाल बराचसा या आठवड्यांत ठरतो. तेव्हा भेटीला जाण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून बोला. तिसऱ्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट नाही, तर ३२ किलोच्या कुत्र्याला रोज कोण उतरवणार? दिवसभर घरी कोण असेल? दुसरा कुत्रा किंवा लहान मुले असतील तर त्यांना वेगळे कसे ठेवणार? मोठा पिंजरा किंवा खोलीचा आडोसा करता येईल का? गुळगुळीत टाइल्स आणि शहाबादी फरशीवर रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट टाकायला सुरुवात करा. त्याचा फायदा आजपासूनच होतो.

तारीख ठरवताना दिवाळी आणि गणपती विसर्जन लक्षात ठेवा. फटाक्याला दचकून धडपडलेला कुत्रा नव्या प्लेटवर नको तेवढा ताण आणू शकतो. पहिले काही आठवडे त्या दिवसांत येत असतील तर सर्जनशी मोकळेपणाने बोला.

काय विचारायचे

मोठ्या कुत्र्यांसाठी बहुतेकदा टीपीएलओ सुचवतात. अमेरिकेतले पशुशल्यविशारद बार्कले स्लोकम यांनी ही पद्धत १९९३ मध्ये मांडली. यात लिगामेंट जोडत नाहीत. नडगीच्या हाडाचे वरचे टोक गोलाकार कापून फिरवतात आणि प्लेटने बसवतात, म्हणजे सांध्याचा उतार कमी होतो आणि लिगामेंटशिवायही गुडघा घसरत नाही. टीटीए ही हाड कापून करायची दुसरी पद्धत. सांध्याबाहेरून जाड धाग्याने आधार देणारी तिसरी पद्धत सोपी आणि सहसा स्वस्त, ती लहान कुत्र्यांत जास्त वापरतात. अगदी लहान कुत्र्यांत काही वेळा विश्रांती, वजन आणि औषधांवरही भागते.

यातली कुठली तुमच्या कुत्र्याला आणि का, हा पहिला प्रश्न. मग हे विचारा:

- ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः नियमित करता का? मेनिस्कस तपासणार का?
- भूल कोण देणार, आणि त्या वेळी मॉनिटरवर काय काय पाहिले जाते?
- पहिल्या रात्री कुत्र्याजवळ कोण असते?
- संसर्ग झाला किंवा प्लेट सैल झाली तर पुढे काय, आणि त्याचा खर्च कोणाचा?
- ऑपरेशन केलेच नाही तर सहा महिन्यांनी काय दिसेल?

खर्च लेखी मागा, त्यात प्लेट-स्क्रू, भूल, औषधे, पुढचे एक्स-रे आणि फिजिओथेरपी वेगवेगळे लिहिलेले असू द्या. दुसरा गुडघाही विसरू नका: लिगामेंट फाटलेल्या कुत्र्यांपैकी बऱ्याच जणांचा, साधारण निम्म्यांचा, दुसरा गुडघाही पुढेमागे जातो. पैशांची तजवीज करताना हे धरा. विमा असेल तर आधीपासूनच्या दुखण्याचे कलम वाचा. बोलताना संकोच नको. बजेट सांगितले की सर्जनला पर्याय सुचवता येतात. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, तसेच मुंबई, नागपूर आणि शिरवळची सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये यांच्याकडेही चौकशी करून बघा. हाडांचा सर्जन कोणत्या दिवशी असतो ते फोन करूनच जा.

भेटीच्या दिवशी

शक्यतो दोघे जा, एकाने कुत्रा सांभाळावा आणि एकाने लिहून घ्यावे. गाडीत मागच्या सीटवर चटई टाका, चढवताना-उतरवताना उडी मारू देऊ नका. पोटाखालून टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरा. पट्टा आखूड ठेवा. दुखऱ्या पायाला हात लावल्यावर चावण्याची शक्यता असेल तर आधीच सांगा आणि सवयीचे मुसके सोबत ठेवा. सांगितल्याने कुत्रा वाईट ठरत नाही.

होकार तिथेच द्यायला हवा असे नाही. एक-दोन दिवस विचार करायला किंवा दुसऱ्या सर्जनचे मत घ्यायला मागा. चांगल्या सर्जनला त्याचा राग येत नाही. फार महिने मात्र लांबवू नका, कारण अस्थिर गुडघा आतून झिजत राहतो. निघण्यापूर्वी ऑपरेशनपर्यंत किती चालवायचे, कोणती औषधे सुरू ठेवायची आणि रात्री काही झाले तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, एवढे लिहून घ्या. मधल्या दिवसांत त्याने पाय टेकणे पूर्ण बंद केले, ताप आला, खाणे सोडले किंवा गुडघा गरम होऊन सुजला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.